ठासणीची बंदूक आणि धरणगावचे भिल्ल

दिवाळीच्या पहाटे अंगणात पोरे फटाक्यांची माळ लावतात, कानावर हात ठेवून दूर पळतात, आणि धुराचा तो उग्र वास घरात शिरला की सण सुरू झाल्यासारखे वाटते. सोरा, कोळसा आणि गंधक या तीन जिनसांचा हा खेळ. अनारात भरली तर फुले, नळीत ठासली तर मरण! दारू तीच, फरक काय तो भरणाऱ्या हाताचा. यंदाच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवायची आहे ती या दारूचीच एक जुनी हकिकत. ती घडली आमच्या खानदेशात, आणि तिचे ठाणे होते धरणगाव.

धरणगाव म्हटले की मराठी वाचकाला पहिली आठवण होते ती बालकवींची. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी याच गावी झाला. ते योग्यच आहे. गावाने मिरवावे असे ते नाव आहे. परंतु बालकवींच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षे हे गाव निराळ्याच कारणांनी दप्तरांत चढले होते. खानदेशचे कापड सुरतेच्या बंदराकडे जाई, त्या व्यापारासाठी इंग्रजांनी १६७४ साली येथे वखार घातली. पुढच्याच वर्षी शिवछत्रपतींच्या फौजेने ती लुटली आणि १६७९ साली पुन्हा लुटली. पेठ मातबर असल्याखेरीज लूट होत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या धरणगावची ऐपत कळते.

ती ऐपत पुढे धुळीस मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या स्वाऱ्या, त्यामागोमाग दुष्काळ, आणि दुष्काळामागोमाग पेंढारी अशी संकटांची रांग लागली. गावे ओस पडली, शेतांत काटेरी रान माजले, आणि माणूस मागे हटला तसतसा वाघ पुढे सरकला. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यांच्या हाती आला तो बराचसा झाडोराच. १८२२ सालच्या सरकारी नोंदीत वन्य पशूंनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारल्याचा आकडा आहे. त्या काळच्या उजाड खानदेशात पाचशे माणसे म्हणजे किती घरांतले दिवे विझले असतील याची कल्पनाच करावी.

आणि रानात वाघाइतकेच सरकारला भय होते ते भिल्लांचे. वास्तविक भिल्ल हे या डोंगरांचे जुने धनी. घाटवाटा राखायच्या, गावाची राखण करायची आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा, ही त्यांची रीत. धामधुमीत हक्क बुडाले, नाईकांना दगा देऊन मारले गेले, तेव्हा त्यांनी तीरकामठा घेऊन डोंगर जवळ केला. कंपनी-सरकारने सात वर्षे त्यांच्यामागे फौजा पाठवल्या. फौज डोंगरात शिरली की हिवतापाने आजारी पडे, आणि भिल्ल होते तेथेच राहत.

अखेर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण फिरवले. भिल्लांना मारण्यापेक्षा त्यांचीच पलटण उभारावी, असे ठरले. या कामावर १८२५ साली जो अंमलदार आला त्याचे नाव जेम्स औट्रम. वय अवघे बावीस. बाप लहानपणीच वारलेला, सोळाव्या वर्षी नोकरीसाठी हिंदुस्थानात आलेला, अंगाने किरकोळ आणि शिकारीच्या नादाने पुरता वेडा. त्याने धरणगावास ठाणे केले. डोंगरातले काही भिल्ल पकडून त्यांतले काही त्याने सोडून दिले, त्यांच्या मार्फत नाईकांकडे निरोप धाडले आणि मग तो पहारा न घेता एकटाच त्यांच्या वस्तीत जाऊन राहिला. मद्याचे पेलेही रिचवले गेले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. प्रथम पाच जण तयार झाले. त्या पाचांचे दोन-तीन वर्षांत सहाशेच्या घरात शिपाई झाले. खानदेश भिल्ल कोअर म्हणून जी पलटण पुढे नावाजली ती ही.

आता प्रश्न असा की, ज्यांनी गोऱ्या टोपीवाल्याला वैरी मानले होते ते त्याच्याकडे आलेच का? पगार हे एक कारण होते, आणि बुडालेल्या हक्कांची दाद लागेल ही आशा हे दुसरे. पण तिसरे कारण होते बंदूक. आणि तीही माणसावर नव्हे, वाघावर रोखलेली. भिल्लाचे गुरू ज्या वाघाने नेले, त्याच्यामागे जो पायी जातो तो परका राहत नाही.

ही बंदूक कोणती असावी, हा त्या काळी साधा प्रश्न नव्हता. आज काडतूस दुकानात तयार मिळते. त्या वेळी बार हा प्रत्येक वेळी हाताने बांधावा लागे. म्हणून शिकाऱ्याला दोन निवडी कराव्या लागत, एक नळीची आणि दुसरी बाराची. दोन्ही एकमेकींच्या गळ्यात अडकलेल्या.

आधी नळी पाहू. आपल्या खेड्यात अजून ‘बारा बोअरची बंदूक’ म्हणतात. हा बारा आकडा कशाचा, हे बंदूक बाळगणाराही पुष्कळदा सांगू शकत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा जितका लहान तितकी गोळी मोठी. पौंड म्हणजे आपले सुमारे एकोणचाळीस तोळे. तेव्हा बारा बोअरची गोळी सव्वातीन तोळ्यांची, सोळाची अडीच तोळ्यांना किंचित कमी, चोविसाची दीड तोळ्याहून थोडी अधिक आणि बत्तिसाची सव्वा तोळ्याची.

वाघासाठी मोठ्यात मोठी गोळी घ्यावी असे कोणालाही वाटेल. पण जड गोळीला दारू जास्त लागते, दारू जास्त झाली की खांद्याला धक्का जास्त बसतो, आणि तो सोसण्यासाठी बंदूकही जड करावी लागते. हत्तीच्या हौद्यात बसणाऱ्या सरदाराला हे चालते. एप्रिल-मेच्या उन्हात निवडुंगातून माग काढीत दोन कोस पायी जाणाऱ्याला चालत नाही. उलट गोळी फार लहान घेतली तर ती हलकी बंदूक खांद्याला सुखाची, पण तिने वाघ मरत नाही, चिडतो. म्हणून अनुभवी माणूस मधल्या मापाकडे येई. हाताला झेपेल, पायाला नेववेल आणि जनावराला एका बारात निजवील, अशी ती मध्यम नळी. जमले तर दोन नळ्यांची. कारण ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार भरायला जो वेळ लागतो तेवढा वाघ देत नाही.

नळी साधी की पेचाची, हाही वाद होता. साधी नळी आतून गुळगुळीत. गोळी तिच्यात सैल जाते, लवकर भरता येते, पण बाहेर पडल्यावर कोठे जाईल याचा नेम नाही. पेचाच्या नळीत आतून नागमोडी आटे कोरलेले असतात. त्यांत घट्ट बसलेली गोळी फिरत बाहेर पडते, आणि फिरणारा भोवरा जसा तोल राखतो तशी ती आपली वाट राखते. यालाच रायफल म्हणतात. पण घट्ट बसायची म्हणजे भरायला अवघड. शिवाय त्या काळची काळी दारू जळली की नळीत काजळीचा चिकट थर धरी, आणि चार-दोन बारांनंतर गोळी आत उतरेना. १८३७ सालच्या सुमारास इंग्रजी सैन्याने दोन आट्यांची ब्रन्सविक रायफल घेतली, तिच्याबद्दल शिपायांची हीच तक्रार होती.

आता बार. शिकाऱ्याच्या पडवीत आदल्या संध्याकाळी हे काम चाले. शिसे वितळवून साच्यात ओतायचे. गोळी निघाली की ती तळहातावर फिरवून पाहायची. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तिची एक बाजू हलकी होते आणि हलक्या बाजूची गोळी वाकड्या वाटेने जाते. तशी गोळी पुन्हा कढईत. मग कापडाच्या किंवा पातळ कातड्याच्या गोल चकत्या कापून त्यांना चरबी नाहीतर मेण चोळायचे. नळीत आधी मापट्याने मोजून दारू, तिच्यावर चकतीत गुंडाळलेली गोळी, आणि मग गजाने एका दाबाने ती थेट दारूवर नेऊन बसवायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याची भीती. चकती गोळीला आट्यांत घट्ट धरी, आणि चरबीने काजळी मऊ राही.

अचूक बाराचे सारे रहस्य एका शब्दात आहे : सारखेपणा. गोळी सारखी, दारूचे माप सारखे, चकतीची जाडी सारखी, गजाचा दाब सारखा. कालचा बार आणि आजचा बार यांत फरक नसला म्हणजे बंदूक खोटे बोलत नाही. आमच्या घरातल्या बायका अनारशाचे पीठ हाताच्या अंदाजाने जमवतात, एक घाणा हसला तरी दुसरा फसत नाही. तसलीच ही हातोटी. त्यात पावसाळ्यात दारू ओल धरी, चकमकीची ठिणगी रंजकावर पडूनही कधीकधी बार पेटत नसे. स्कॉटलंडातल्या अलेक्झांडर फॉर्सिथ नावाच्या एका पाद्र्याने १८०७ साली ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक चूर्णाची युक्ती काढली. तिच्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली आणि पावसाचे भय कमी झाले. पण भिल्ल पलटण उभी राहिली तेव्हा शिपायांच्या हाती होत्या त्या चकमकीच्याच ठासणीच्या बंदुका.

औट्रमच्या चरित्रात त्याच्या खानदेशातल्या दिवसांची एक हकिकत आहे. टेकडीच्या उतारावर निवडुंगात वाघ असल्याची खबर भिल्ल शिकाऱ्याने आणली. औट्रम पायी निघाला, सोबती घोड्यावर. सोबत्याचा बार हुकला आणि वाघाने औट्रमवर झेप घेतली. दोघेही गडगडत उताराखाली आले. क्षणभर मिठी सुटली तेवढ्यात त्याने कमरेचे पिस्तूल काढून वाघाला ठार केले. त्याच्या जखमा पाहून भिल्लांनी आक्रोश मांडला, तेव्हा मांजराने ओरबाडले तर त्याचे काय एवढे, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला. हे बोलणे भिल्लांच्या वस्त्यांतून पुढे कित्येक वर्षे सांगितले जाई. दुसऱ्या एका वेळी दाट निवडुंगात वाघ दिसेना, म्हणून भिल्लांनी आपली पागोटी सोडून त्यांचा दोर केला, औट्रमला झाडाच्या फांदीवरून खाली लोंबकळत सोडले, आणि त्याने अधांतरी राहून नेम साधला.

या गोष्टी ऐकताना आपण साहेबाच्या धाडसाने दिपतो. मला मात्र त्या पागोट्यांचे नवल वाटते. ती पागोटी ज्यांच्या हातात होती, ते वर्षभरापूर्वी त्याच्या कंपनीचे वैरी होते. त्यांनी हात सैल केले असते तर कोणी काय करणार होते? आणि पिस्तुलाची ती गोष्ट घ्या. हुकलेल्या बारानंतर एकच बार उरला होता, आणि तो नीट भरलेला होता म्हणून माणूस वाचला. विश्वास आणि बार या दोन्ही वस्तू आधी सावकाश बांधाव्या लागतात. गरज पडते तेव्हा बांधायला वेळ नसतो.

तरीही या शिकारीच्या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती सणाच्या दिवशीही झाकू नये. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रम व त्याच्या सोबत्यांनी केलेल्या शिकारीचा हिशेब त्याच्या चरित्रकाराने दिला आहे. वाघ २३५ ठार, २२ जखमी. अस्वले २५ ठार, १४ जखमी. रानरेडे १२ ठार, ५ जखमी. बिबटे १६ ठार. एकूण ३२९. यांपैकी १९१ वाघांच्या वेळी औट्रम स्वतः हजर होता.

वाचक ठार झालेल्यांचा आकडा पाहून पुढे जातो. पण रानात राहणाऱ्याने वाचायचा आकडा तो नव्हे. तो आहे जखमी बावीस वाघांचा. गोळी दोन बोटे इकडे-तिकडे लागून जो वाघ झाडीत शिरला, तो चितळामागे धावू शकत नाही. मग तो गुराख्याकडे वळतो, मोहाची फुले वेचणाऱ्या बाईकडे वळतो. आणि त्याला बाहेर काढायला झाडीत आधी शिरतो तो साहेब नव्हे, हाकारा शिरतो. हातात काठी, डबा आणि कुऱ्हाड घेतलेला भिल्ल. साच्यातल्या गोळीतला एक बुडबुडा, मापट्यात कमी पडलेली चिमूटभर दारू, यांची किंमत अशा रीतीने तिसराच माणूस देई. औट्रमच्या शिकाऱ्यांपैकी एक-दोघांची नावे पुस्तकात आली आहेत. हाकाऱ्यांची नावे कोण लिहिणार? म्हणून बाराचा सारखेपणा हा केवळ शौकिनाचा छंद नव्हता. तो दुसऱ्याच्या जिवाचा हिशेब होता.

हे ओळखून त्यावर विचार करणारी माणसेही निघाली. आपल्या शेजारच्या निमाड जिल्ह्यात अंमलदार असलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथने १८६३ साली शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. (टोपीची युक्ती काढणारा पाद्री फॉर्सिथ निराळा.) त्याचे म्हणणे असे : शिकारी चुकतो तो नेमात नव्हे, अंतरात. जनावर साठ पावलांवर आहे की शंभर, हे झाडीत कळत नाही. आणि सावकाश जाणारी गोळी अंतर वाढले की खाली पडते. तेव्हा दारू भरपूर घालून गोळी वेगाने सरळ रेषेत जाईल असे करावे. पण आट्यांचा पीळ ताठ असला तर अशा जोरात शिसे आट्यांवरून घसरते. म्हणून पीळ सैल ठेवावा, मोठ्या गोळीला आठ-नऊ फुटांत एक फेरा पुरे. हिशेब साधा होता, पण रानात झिजलेल्या बुटांतून निघालेला होता. औट्रमच्या हाताखाली सिंध व इराणच्या स्वाऱ्यांत काम केलेला जॉन जेकब, ज्याच्या नावाचे जेकबाबाद सिंधमध्ये आहे, त्यानेही आयुष्याची कित्येक वर्षे आणि पदरचा पैसा याच छंदात घातला. १८५८ साली निघालेली त्याची चार आट्यांची जोडनळी रायफल होती बत्तीस बोअरची. म्हणजे वजनदार गोळ्यांचा जमाना मध्यम नळीकडे वळत होता.

याच सुमारास चकतीला लावायच्या त्या चरबीने हिंदुस्थान पेटला. एन्फील्ड रायफलीचा बार कागदात आयता बांधून येई. कागदाचे टोक दातांनी तोडायचे, दारू ओतायची आणि चरबी लावलेल्या कागदासह गोळी आत ठासायची. शिकारी आपल्या पडवीत मेण वापरतो की चरबी, हे त्याचे त्याला ठाऊक. कारखान्यातून आलेल्या बाराचे मात्र कोणाला काय ठाऊक? गाईची की डुकराची, ही शंका १८५७ च्या जानेवारीत डमडमला निघाली आणि मे महिन्यात मीरत उठले. कारणे पुष्कळ होती, साचलेली होती. ठिणगी मात्र बाराची पडली. खानदेशात खाजा नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुड्यात झेंडा उभारला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला सरकारी फौजेशी त्यांची घनघोर लढाई झाली. भिल्ल पलटण त्या धामधुमीत सरकारच्या बाजूला राहिली. एकाच रानातली माणसे दोन्हीकडे वाटली गेली. वाघावर जुळलेला विश्वास शेवटी कोणाच्या कामी आला, हा प्रश्न इतिहासाने तेव्हा विचारला, आणि त्याचे सोपे उत्तर अजून कोणापाशी नाही.

त्यानंतर बंदूक झपाट्याने बदलली. लंडनच्या जेम्स पर्डी या बंदूककाराने १८५० च्या दशकात आपल्या वेगवान रायफलीला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असे आगगाडीचे नाव दिले, आणि १८६० च्या दशकात खुद्द आगगाडीच खानदेशात आली. मागून भरायच्या बंदुका आल्या, पितळी काडतुसे आली, शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. तिच्यातही आपल्या उन्हाने खोड काढलीच. कॉर्डाइट तापले की नळीत दाब वाढतो, म्हणून हिंदुस्थानात पाठवायच्या काडतुसांत विलायती कारखानदार थोडी कमी दारू भरू लागले. हाताने बार बांधणारा तेच काम मे महिना पाहून स्वतः करीत असे! १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा झाले. १८९१ साली भिल्ल पलटण पोलिसांत विलीन झाली. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे; आणि आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला १९६० च्या दशकात जो कारखाना निघाला, तेथे यंत्रावर काडतुसे तयार होतात, प्रत्येक दुसऱ्यासारखी. पडवीतला तो सारखेपणा आता यंत्राने साधला आहे.

आणि वाघ? रान तुटले, शेते वाढली, आणि ज्या जनावराला कधी काळी सरकार बक्षीस लावून मारीत होते, ते शोधूनही सापडेनासे झाले. १९६९ साली यावलचे अभयारण्य झाले, १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंदी आली. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या बाजूला केळीच्या बागांजवळ अलीकडे पट्टेदार वाघ दिसल्याच्या नोंदी आहेत. दोनशे वर्षांपूर्वी तो आला असता तर गावाने धरणगावच्या ठाण्यावर धाव घेतली असती. आज वनखात्याचा माणूस येतो, मातीतला ठसा मोजतो आणि छायाचित्रासाठी झाडाला यंत्र बांधून जातो. ठसा दाखवायला पुढे असतो तो रानाच्या कडेला राहणारा गावकरीच. माग काढण्याची विद्या बंदुकीच्या आधीची आहे, आणि बंदूक गेल्यावरही ती उरली आहे.

औट्रम १८३५ साली खानदेश सोडून गेला, मोठा सरदार झाला आणि १८६३ साली वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याला पुरले. पाच भिल्लांनी ज्या दिवशी त्याच्यावर भरवसा टाकला, त्या दिवसाचे स्मारक मात्र कोठेच नाही. असो. आज रात्री पोरे अंगणात अनार लावतील तेव्हा त्यांना एवढे सांगावे, की दारूला स्वतःची बुद्धी नसते. ती भरणाऱ्याच्या हाताची काळजी घेऊन नळीबाहेर पडते, किंवा त्याचा हलगर्जीपणा घेऊन. आणि तो हलगर्जीपणा पुष्कळदा भोगतो तो भरणारा नव्हे, पुढे झाडीत उभा असलेला दुसराच कोणी.